पाल्याच्या काढ्यातली चांदी

मतदान करून बाहेर पडताना बोटावर ओढलेली शाई आधी जांभळट दिसते, मग हळूहळू काळी पडते. नंतर साबण लावा, लिंबू चोळा, नख वाढून पुढे सरकल्याशिवाय ती हलत नाही. म्हैसूरच्या कारखान्यात बनणाऱ्या या शाईत सिल्व्हर नायट्रेट असतं, म्हणजे चांदीचा पाण्यात विरघळणारा क्षार. कातडीवरच्या मिठाशी त्याची गाठ पडते, वर उजेड लागतो आणि विरघळलेली चांदी पुन्हा धातू होऊन बसते. कण इतके बारीक, की ती चकाकत नाही, काळी दिसते.

पुण्यात पाषाण रस्त्यावरच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत मुरली शास्त्री यांच्या गटाने हाच क्षार आधी एका बुरशीच्या स्वाधीन केला. ही बुरशी म्हणजे फ्युजेरियम ऑक्सिस्पोरम. हरभऱ्यावर मर आणणारी म्हणून शेतकरी तिच्या जातभाईंना चांगले ओळखतात. तिने चांदीचे कण बनवले, पण सावकाश. मग २००३ मध्ये या गटाने जिरॅनियमच्या पानांचा अर्क वापरून पाहिला. काम बुरशीपेक्षा झटपट झालं आणि कण निघाले १६ ते ४० नॅनोमीटरचे. पुढच्याच वर्षी कडुनिंबाच्या काढ्यातून चांदी आणि सोनं दोन्हीचे कण आले. त्याच वर्षी गवती चहाच्या अर्कातून सोन्याच्या चपट्या, त्रिकोणी चकत्या मिळाल्या आणि ते काम ‘नेचर मटेरियल्स’मध्ये छापून आलं. ज्या पातीशिवाय आपल्याकडे पावसाळ्यातला चहा होत नाही, तिच्यात सोन्याला भूमितीचा आकार येतो, हे मला आजही गमतीचं वाटतं.

कृती स्वयंपाकघरातली वाटावी इतकी साधी आहे. पानं धुऊन, चिरून काही मिनिटं पाण्यात उकळायची आणि गाळून घ्यायची. दुसरीकडे सिल्व्हर नायट्रेटचं अगदी पातळ द्रावण करायचं, लिटरमागे सुमारे १७० मिलिग्रॅम. त्यात थोडा काढा ओतायचा आणि थांबायचं. पाण्यासारखं द्रावण आधी पिवळसर होतं, मग कोऱ्या चहासारखं तपकिरी. रंग बदलला की कण झाले. चांदीचे नॅनोकण उजेडातला जांभळा-निळा भाग, ४२० नॅनोमीटरच्या आसपासचा, गिळतात आणि उरलेला पिवळट-तपकिरी आपल्या डोळ्यांपर्यंत येतो. सोन्याचे कण याच न्यायाने माणकासारखे लाल दिसतात. मायकेल फॅरेडेने १८५७ मध्ये हा लाल रंग सोन्याच्या बारीक कणांमुळे येतो असं दाखवलं होतं. त्याने केलेल्या अशा द्रावणांच्या काही बाटल्या लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये अजून जपून ठेवलेल्या आहेत.

काढ्यात नेमकं होतं काय? द्रावणातल्या चांदीच्या प्रत्येक आयनाला एक इलेक्ट्रॉन कमी असतो. पानातल्या शर्करा, टर्पिनॉइड, पॉलिफेनॉल हे रेणू तो देऊन टाकतात आणि आयनाचा अणू होतो. अणू एकमेकांना बिलगून कण वाढू लागतो. असाच वाढत राहिला तर शेवटी तळाशी गाळ बसेल. पण काढ्यातलेच दुसरे काही रेणू कणाभोवती अस्तरासारखे चिकटतात आणि त्याला तिथेच थोपवतात. म्हणजे पाला दोन कामं करतो, इलेक्ट्रॉन पुरवतो आणि कणांना अंगरखा चढवतो. हे कण ज्यासाठी करायचे, ते जिवाणू मारण्याचं काम मात्र चांदीचं.

चांदीचं हे काम जुनंच आहे. कार्ल क्रेडे या जर्मन डॉक्टरने १८८० च्या सुमारास नवजात बाळांच्या डोळ्यांत सिल्व्हर नायट्रेटचा थेंब घालायला सुरुवात केली आणि आईकडून होणाऱ्या संसर्गाने येणारं आंधळेपण कमालीचं घटलं. भाजल्यावर दवाखान्यात लावतात त्या पांढऱ्या क्रीममध्येही बहुतेक वेळा सिल्व्हर सल्फाडायझिन असतं.

मग कण बारीक करण्याचा आटापिटा कशाला? हिशेब करून पाहा. चांदीचा एक सेंटिमीटर बाजूचा ठोकळा साडेदहा ग्रॅमचा, तोळ्याला थोडा कमी. त्याचा पृष्ठभाग सहा चौरस सेंटिमीटर, टपाल तिकिटाएवढा. तोच ठोकळा दहा नॅनोमीटरच्या तुकड्यांत फोडला तर पृष्ठभाग होतो ६०० चौरस मीटर, म्हणजे साडेसहा हजार चौरस फुटांच्या आसपास. पुण्यात एवढ्या जागेत आठ-दहा कुटुंबं राहतात. चांदी तेवढीच, पण जिवाणूला भिडणारी बाजू दहा लाखपट.

भिडल्यावर काय होतं, हे देवघरातल्या चांदीच्या वाटीवरून कळतं. ती काळी पडते आणि आपण ती रांगोळीने घासतो. हे काळेपण हवेतल्या गंधकाच्या संयुगांमुळे येतं, कारण चांदीला गंधकाची अनावर ओढ असते. जिवाणूच्या कितीतरी प्रथिनांत गंधकाचे हात असतात. चांदीचा आयन त्यांना पकडून बसतो आणि प्रथिनं निकामी होतात, पेशीचं आवरण गळू लागतं. अमेरिकेत राइस विद्यापीठातल्या पेद्रो अल्वारेझ यांच्या गटाने २०१२ मध्ये एक नेटका प्रयोग केला. ऑक्सिजन नसलेल्या पेटीत चांदीचे नॅनोकण आणि ई. कोलाय हे जिवाणू एकत्र ठेवले. ऑक्सिजन नाही म्हणून कणांतून आयन सुटेनात, आणि आयन नाहीत म्हणून जिवाणूही मरेनात. कण म्हणजे आयनांची कोठी, हल्ला करतात ते आयन.

या प्रयोगामुळे एक अडचणीचा प्रश्न उभा राहतो. काढ्याने सगळी चांदी कणांत बदलली नसेल, द्रावणात नायट्रेट तसंच उरलं असेल, तर कणांची परीक्षा घेताना बशीतल्या जिवाणूंच्या थरात, जिवाणू मेलेल्या जागी जे स्वच्छ वर्तुळ दिसतं, ते कणांचं की उरलेल्या क्षाराचं? त्यासाठी कण धुऊन घ्यायला हवेत आणि शेजारी नुसत्या काढ्याची आणि नुसत्या नायट्रेटची बशीही ठेवायला हवी. गेल्या वीस वर्षांत तुळस, कोरफड, पपई, कढीपत्ता, जो हाती लागेल त्या पाल्याचे असे शोधनिबंध निघाले. कितीकांत या शेजारच्या बशा दिसतच नाहीत. आणखी एक नवं पान उकळलं, आणखी एक निबंध झाला, असा हा मामला होऊन बसला आहे.

‘हरित’ या शब्दाबद्दलही थोडं. रूढ रासायनिक पद्धतीत सोडियम बोरोहायड्राइडसारखा जहाल पदार्थ वापरतात, तो पाल्यामुळे टळतो, हे खरं. पण सिल्व्हर नायट्रेट बनतं चांदी नायट्रिक आम्लात विरघळवून, आणि तो काही पाला नव्हे. शिवाय सोन्याचे कण करण्याची टर्केविचची १९५१ सालची प्रसिद्ध रीत सायट्रेटवर चालते, म्हणजे लिंबातल्या आम्लाच्याच क्षारावर. पाल्याची खरी डोकेदुखी वेगळीच आहे. श्रावणातलं कडुनिंबाचं पान आणि चैत्रातली कोवळी पालवी यांतली रसायनं सारखी नसतात. आज २० नॅनोमीटरचा कण आला, उद्या ६०चा. औषध बनवणाऱ्याला हे परवडत नाही.

आणि हे द्रावण कोणी ‘आयुर्वेदिक’ म्हणून प्यायला दिलं तर घेऊ नये. चांदी शरीरात साठते, कातडी निळसर-राखाडी होते आणि ती पुन्हा पूर्ववत होत नाही.

एवढं असूनही शोध सुरू आहे, कारण गरज मोठी आहे. प्रतिजैविकांना न जुमानणाऱ्या जिवाणूंमुळे २०१९ या एका वर्षात जगात सुमारे १२ लाख ७० हजार माणसं दगावली, असा अंदाज आहे. चांदीला मात्र जिवाणू कधी सरावत नाहीत, असं पुष्कळ दिवस सांगितलं जाई. तेही खरं नव्हतं. सिल्व्हर नायट्रेटला दाद न देणारा साल्मोनेला १९७० च्या दशकातच अमेरिकेत, भाजलेल्या रुग्णांच्या वॉर्डात सापडला होता.

नॅनोकणांची पाळी २०१८ मध्ये आली. चेक प्रजासत्ताकातल्या ओलोमोउत्सच्या संशोधकांनी ई. कोलाय आणि स्यूडोमोनास यांना चांदीच्या कणांचे मरणार नाहीत एवढेच डोस पुन्हा पुन्हा दिले. काही पिढ्यांनी जिवाणू कणांना पुरून उरू लागले. त्यांच्या जनुकांत बदल झाला नव्हता. पोहायच्या शेपटीचं, कशाभिकेचं, फ्लॅजेलिन नावाचं प्रथिन ते जास्त बनवू लागले होते. हे प्रथिन बाहेर पडून कणांना डिंकासारखं चिकटवी, कणांचे गोळे होत आणि पृष्ठभागाचा तो सगळा हिशेब कोसळे. कणांवर कृत्रिम बहुवारिकांची आणखी अस्तरं चढवून पाहिली, उपयोग झाला नाही. उपयोग झाला डाळिंबाच्या सालीचा. सालीच्या अर्काने जिवाणूंचं फ्लॅजेलिन बनणंच रोखलं, गोळे होईनात आणि चांदी पुन्हा लागू पडली.

सांगोल्याकडचा डाळिंबवाला जी साल फेकून देतो, आजी जी वाळवून जुलाबावर ठेवायची, तीच ही. या प्रयोगात तिच्या अर्काने चांदीचा एकही कण बनवला नव्हता. कण आधीच तयार होते. अर्क आत सोडला होता तो शेपट्यांचा बंदोबस्त करायला.