चिखलाच्या अमलाखाली

साताऱ्यास यवतेश्वराच्या घाटातून चढत जाणारी अर्धमॅरेथॉन 2012 साली सुरू झाली, त्या सुमारास पुण्या-मुंबईच्या मध्यमवर्गात धावण्याचे जे वेड संचरले त्याचा एक फाटा डांबरी सडक सोडून डोंगराकडे वळला. आणि ज्या वाटांवर तोवर गुराखी, दुर्गप्रेमी आणि सरपणाच्या मोळ्या वाहणाऱ्या बाया एवढ्यांचीच वर्दळ असे, त्या वाटांवर छातीला क्रमांक टाचलेली, नोकरीपेशातील प्रौढ माणसे धापा टाकीत दिसू लागली. त्या मंडळींत मीही होतो. पुढे सिंहगड, राजगड आणि तोरणा ह्या तीन गडांना गुंफणारी शंभर किलोमीटरची शर्यतही ह्या मुलखात रूढ झाली. माझी मजल मात्र पावसाळ्यात मावळपट्ट्यात भरणाऱ्या लहानसहान शर्यतींपलीकडे गेली नाही, आणि हा मागोवा त्यांचाच आहे.

धावणे ही आमच्या पिढीने लावलेली टूम आहे, असा जो एक आव शर्यतीच्या पहाटे मैदानात वावरत असतो, त्याची मला नेहमी गंमत वाटत आली आहे. मराठी दौलतीत जासूद आणि कासीद खलिते घेऊन हेच घाट तुडवीत, आणि तो त्यांचा हौसेचा नव्हे तर पोटाचा उद्योग होता. पुढे डेक्कन जिमखान्याच्या क्रीडास्पर्धांत अनवाणी धावणारे खेडुत शेतकरी पाहून दोराबजी टाटा चकित झाले, आणि त्यांच्याच पुढाकाराने हिंदी खेळाडूंचे एक लहानसे पथक 1920 साली अँटवर्पच्या ऑलिंपिकला रवाना झाले. तेथे 42.75 किलोमीटरची मॅरेथॉन 2 तास 50 मिनिटे 45 सेकंदांत पुरी करून बेळगावकडचे फडेप्पा चौगुले एकोणिसावे आले. भारी बूट, मनगटावरचे उपग्रही घड्याळ आणि पाठीवरची पाण्याची पिशवी एवढा सरंजाम बाळगूनही ती गती आमच्यापैकी बहुतेकांस सपाट सडकेवरही साधत नाही.

वर्षे सरली तसतसे ध्यानात येत गेले, की चिखल हा एकजिनसी पदार्थ नव्हे. भातखाचरातला चिखल मऊ आणि लोचट. तो पाय धरून ठेवतो, कधी बूट ठेवून घेतो, पण माणसाला सहसा पाडीत नाही. आवणीच्या दिवसांत खाचरांच्या बांधावरून धावताना पाऊल बांधाच्या ऐन माथ्यावर टाकावे लागते. कडेला टाकले की बांधच खचतो, आणि मग लावणी करणाऱ्या बाया इरल्याखालून वर पाहून जे चार शब्द सुनावतात ते सर्वस्वी रास्त असतात. उतारावरची चिकणमाती ही ह्याहून निराळी जात. तिचा थर बुटाच्या दात्यांमध्ये बसला की तळवा गुळगुळीत होतो आणि किमती बूट व झिजकी चप्पल ह्यांत काडीचा फरक उरत नाही. तेथे पावले आखूड टाकावीत, कोपरे पसरावीत, नजर चार हात पुढे ठेवावी आणि हाताशी कारवीचे झुडूप असेल तर त्याचा दांडा बुंध्याशी धरावा. परंतु सर्वांत घातकी ती शेवाळलेली काळी कातळपाटी, जी चिखल नसल्यामुळे सुरक्षित भासते. अनुभवी धावक कातळ टाळून मुद्दाम चिखलात पाय घालताना पाहिला, की नवख्याने निमूटपणे त्याच्या मागे जावे.

अशा मुलखात घड्याळाची सद्दी चालत नाही. सडकेवर सहा-सात मिनिटांत किलोमीटर काटणारा माणूस येथे त्याच अंतराला वीस-पंचवीस मिनिटे घेतो, आणि काल पाऊस किती झाला ह्यावर सारा हिशेब बदलत असल्यामुळे गतवर्षीच्या वेळेशी यंदाची ताडून पाहण्यात अर्थ नसतो. ठरावीक चौकीवर ठरावीक मुदतीत न पोहोचणाऱ्यास शर्यतीतून बरखास्त करण्याचा नियम पुष्कळांस जाचक वाटतो. मला तो ह्या साऱ्या व्यवस्थेतील सर्वांत दयाळू कलम वाटतो. कारण थकलेल्या हौशी माणसास धुक्यात उतारावर सोडणे, ह्यापेक्षा त्याला मीठ लावलेला उकडलेला बटाटा देऊन जीपमध्ये बसविणे केव्हाही श्रेयस्कर.

ह्या काळात सुखावणारा एक पालट झाला तो असा, की डोंगरपायथ्याच्या गावांतील पोरे, जी प्रथम बांधावर उभी राहून आमची फजिती पाहत असत, ती स्वतःच नाव नोंदवून पुढे निघून जाऊ लागली. बक्षिसाच्या रकमेकडे ती उघडपणे पाहतात, आणि त्यात मला काही गैर दिसत नाही. दुसरा पालट तितका सुखाचा नाही. ओल्या पायवाटेवरून एका सकाळी शेकडो माणसे गेली, आणि प्रत्येकाने डबके चुकवून कडेच्या गवतात पाय टाकला, म्हणजे हातभर वाटेचा गाडीरस्ता होतो आणि पुढच्या सरीत ती माती वाहून जाते. पावसाळी शर्यतींचा मार्ग दर सालास बदलावा आणि धावकांची संख्या आवरावी, असे माझे मत आहे. आयोजकांस ते परवडेल की नाही, हा जमाखर्च निराळा. तूर्त स्वतःपुरता शिरस्ता एवढाच, की डबके आले की गवतात न शिरता सरळ त्याच्या मधून जायचे. बुटात पाणी तर पहिल्या खाचरातच शिरलेले असते.