राखणदार कुत्र्याचा शाकाहार : नुसती भाकरी पुरेशी नाही

शेत, खळे, गोठा आणि मेंढरांचा वाडा यांची राखण करणाऱ्या कुत्र्यास आपल्याकडे बहुधा शिळी भाकरी, उरलेली आमटी आणि कधीमधी थोडे ताक मिळते. ज्या घरात मांस शिजत नाही, तेथील कुत्राही शाकाहारीच असतो. बैलाच्या पेंडीचा आणि म्हशीच्या खुराकाचा हिशेब चोख ठेवणारा शेतकरी कुत्र्याच्या खाण्याचा मात्र सहसा विचार करीत नाही. मांसाशिवाय कुत्रा नीट पाळता येतो काय? येतो, परंतु नुसत्या भाकरीवर येत नाही.

कुत्रा हा लांडग्याच्या कुळातील असला तरी माणसाच्या सहवासात त्याचे पचन बदलले आहे. स्वीडनमधील शास्त्रज्ञांनी २०१३ मध्ये दोहोंच्या आनुवंशिक घटकांची तुलना केली, तेव्हा पिष्टमय पदार्थ पचविण्याची शक्ती कुत्र्यात पुष्कळ वाढलेली आढळली. मांजराचे तसे नाही. मांसातून मिळणारी काही आवश्यक द्रव्ये मांजराच्या शरीरात तयार होत नाहीत. म्हणून पुढील माहिती मांजरास लागू करू नये.

धान्य पचते म्हणजे ते पुरते, असे मात्र नव्हे. पहिल्या महायुद्धाच्या सुमारास इंग्लंडमध्ये एडवर्ड मेलन्बी यांनी कुत्र्याच्या पिलांना मुख्यतः धान्याचा आहार दिला असता त्यांना मुडदूस झाला; कॉड माशाचे तेल देताच तो टळला. कुत्र्याच्या कातडीत उन्हामुळे ‘ड’ जीवनसत्त्व पुरेसे तयार होत नाही, म्हणून ते अन्नातूनच द्यावे लागते. १९३७ मध्ये अमेरिकेत कॉनराड एल्व्हेजेम यांनी कुत्र्यांचा ‘काळी जीभ’ हा रोग निकोटिनिक आम्लाने बरा करून दाखविला. तो मक्यावर पोसलेल्या कुत्र्यांत होत असे. ज्वारी खाणाऱ्या दख्खनमधील गरीब माणसांना होणाऱ्या पेलाग्रा या त्याच जातीच्या रोगाचा अभ्यास हैदराबाद येथे डॉ. सी. गोपालन व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६० च्या दशकात केला. एकाच धान्यावर पोसणे माणसास तसेच कुत्र्यासही घातक, हाच यातील धडा होय.

यावर उपाय घरातच आहे. धान्यात जे प्रथिन-घटक कमी असतात ते डाळीत असतात आणि डाळीतील उणीव धान्य भरून काढते. सुमारे १५ किलो वजनाच्या, रोज हिंडणाऱ्या प्रौढ कुत्र्यासाठी दिवसाचा आहार साधारणपणे असा धरावा :

ज्वारी, बाजरी किंवा गव्हाचे पीठ (भाकरी करून) – १५० ग्रॅम
सोयाबीन (कोरडे वजन) – ६० ग्रॅम
दूध, किंवा तेवढ्या दुधाचे दही – २०० मिलिलिटर
गोडे तेल – १ चहाचा चमचा

सोयाबीन रात्रभर भिजवून मऊ होईपर्यंत शिजवावे. कच्च्या सोयाबीनमधील द्रव्ये प्रथिनांच्या पचनास अडथळा आणतात. दुधाने जुलाब होत असल्यास दही द्यावे. या आहारात कॅल्शियम कमी पडते, तसेच ‘ड’ आणि ‘बी-१२’ जीवनसत्त्वेही पुरेशी नसतात. ती पशुवैद्यकाच्या सल्ल्याने ठरावीक मात्रेत द्यावीत. अंदाजाने देऊ नयेत. आहार एकदम न बदलता आठ-दहा दिवसांत हळूहळू बदलावा. दर महिन्यास कुत्र्याचे वजन करावे. वजन घटणे, केस गळणे, सुस्ती येणे किंवा लवकर धाप लागणे यांपैकी काहीही आढळल्यास पशुवैद्यकीय दवाखान्यात न्यावे.

पिले, गाभण व पाजणारी कुत्री आणि आजारी जनावर यांची गरज फार मोठी असते. त्यांच्यावर घरगुती प्रयोग करू नये. मांस द्यावयाचे नसले तरी अंडे चालत असेल, तर शिजवलेले अंडे हा उत्तम आधार आहे.

काही वनस्पतिजन्य पदार्थ कुत्र्यास विषारी आहेत. कांदा व लसूण यांमुळे त्याच्या रक्तातील तांबड्या पेशी नष्ट होतात. म्हणून फोडणीची आमटी भाकरीवर ओतू नये. द्राक्षे व बेदाणे यांनी मूत्रपिंडे निकामी होऊ शकतात. नाशिक व सांगलीकडील बागाईतदारांनी बागेत आणि बेदाण्याच्या शेडवर राखणीस ठेवलेल्या कुत्र्याकडे याबाबत विशेष लक्ष द्यावे.

आता कायद्याविषयी. प्राण्यांना क्रूरतेने वागविण्यास प्रतिबंध करणारा अधिनियम १९६० चा आहे. जनावर ज्याच्या ताब्यात असेल त्याने त्याच्या स्वास्थ्यासाठी सर्व वाजवी उपाय योजावेत, असे त्याचे कलम ३ सांगते. मालकाने पुरेसे अन्न, पाणी किंवा निवारा न देणे हा कलम ११ अन्वये अपराध आहे. नेहमी साखळीने बांधलेल्या कुत्र्यास वाजवी व्यायाम न देणे हाही त्याच कलमाखाली अपराध ठरतो. कुत्र्यास मांसच द्यावे, असे कायदा म्हणत नाही. पुरेसे अन्न द्यावे, असे म्हणतो. तेव्हा घरचा शाकाहार ही उपासमारीची सबब होऊ शकत नाही.

ग्रामसेवक बंधूंनी जनावरांच्या लसीकरणाच्या दिवशी गावातील राखणदार कुत्र्यांकडेही एक नजर टाकावी. ज्याच्या फासळ्या दूरूनच मोजता येतात, त्याच्या मालकाशी सबुरीने बोलावे. आमिष दाखवताच चोरामागे जाणारा कुत्रा बहुधा उपाशी असतो. मूठभर शिजलेले सोयाबीन आणि वाटीभर दही एवढ्याने राखणही सुधारते आणि मुक्या जनावराचे देणेही फिटते.