जांगम द्रव्ये, वन्यजीव कायदा आणि वैद्यवर्गाचे उत्तरदायित्व

आयुर्वेदाने औषधी द्रव्यांचे जांगम, औद्भिद आणि पार्थिव असे तीन वर्ग मानले आहेत. चरकसंहितेच्या सूत्रस्थानातील पहिल्याच अध्यायात जांगम द्रव्यांची गणना करताना मध, दूध, पित्त, वसा, मज्जा यांच्या जोडीने चर्म, अस्थी, शृंग, नख, खूर आणि रोम यांचाही उल्लेख येतो. ज्या काळात ही गणना झाली त्या काळी अरण्ये विस्तीर्ण होती आणि वैद्याला लागणारे द्रव्य अत्यल्प होते. आज ही दोन्ही परिस्थिती पालटली आहे. अरण्ये आक्रसली आहेत, मागणी मात्र शहरांत आणि समुद्रापलीकडे पसरली आहे. त्यामुळे ग्रंथातील एखादे नाव आणि आजच्या बाजारात त्या नावाने मिळणारी वस्तू यांच्यामध्ये वन्यप्राण्याची हत्या, तस्करी आणि फसवणूक यांची साखळी उभी असू शकते. या साखळीचे स्वरूप काय, कायदा काय सांगतो आणि आपण चिकित्सक व औषधी विक्रेते म्हणून कोठे उभे आहोत, याचा परामर्श प्रस्तुत लेखात घेतला आहे.

कायद्याची चौकट

वन्यजीव (संरक्षण) अधिनियम १९७२ हा या विषयाचा मूळ कायदा होय. १९८६ च्या दुरुस्तीने अनुसूचित प्राण्यांचे अवयव व त्यांपासून बनविलेल्या वस्तू यांच्या व्यापारावर बंदी आली, तर १९९१ च्या दुरुस्तीने आयात केलेल्या आफ्रिकी हस्तिदंताचा व्यापारही बंद झाला. २०२२ ची दुरुस्ती १ एप्रिल २०२३ पासून अमलात आली. तिने पूर्वीच्या सहा अनुसूचींच्या जागी चार अनुसूची आणल्या. पहिल्या दोन प्राण्यांसाठी, तिसरी वनस्पतींसाठी आणि चौथी ‘साइट्स’ या आंतरराष्ट्रीय करारातील जातींसाठी आहे. भारत या कराराचा १९७६ पासून सदस्य आहे. पहिल्या अनुसूचीतील प्राण्यांसंबंधीच्या अपराधास तीन ते सात वर्षे कारावास आणि किमान २५ हजार रुपये दंड अशी शिक्षा आहे.

व्यवसायाच्या दृष्टीने या अधिनियमातील तीन गोष्टी विशेष ध्यानात ठेवाव्यात. पहिली, बंदी केवळ जिवंत प्राण्यापुरती किंवा सबंध अवयवापुरती नाही. त्यापासून काढलेले किंवा बनविलेले पदार्थही तिच्या कक्षेत येतात, म्हणजे भस्म, मषी व तेलही त्यातून सुटत नाही. दुसरी, कलम ५७ अन्वये अशी वस्तू ताब्यात आढळल्याचे सिद्ध झाल्यास तो ताबा बेकायदेशीर आहे असेच गृहीत धरले जाते. तो कायदेशीर असल्याचे दाखविण्याची जबाबदारी आरोपीवर असते. तिसरी, एखादे द्रव्य औषधे व सौंदर्यप्रसाधने अधिनियम १९४० च्या पहिल्या परिशिष्टातील ग्रंथात आहे, एवढ्यावरून ते वापरण्याची मोकळीक मिळत नाही. ग्रंथाधारावर औषधाचा परवाना मिळतो. वन्यजीव कायद्यापासून सूट त्यातून मिळत नाही. हा भेद न जाणल्याने सद्भावनेने व्यवसाय करणारेही अडचणीत येऊ शकतात.

काही प्रमुख द्रव्ये

कस्तुरी : कस्तुरीमृगातील केवळ नराच्या ग्रंथीत कस्तुरी असते. परंतु फासा नर-मादी ओळखत नाही, म्हणून नराच्या शोधात माद्या व पाडसेही मरतात. हा प्राणी पहिल्या अनुसूचीत आहे. खुल्या बाजारात ‘अस्सल कस्तुरी’ म्हणून जे देऊ केले जाते ते एकतर चोरीचे असते किंवा बनावट असते. भावप्रकाशकारांनी कस्तुरीच्या अभावी कक्कोल घेण्यास सांगितले आहे, आणि लताकस्तुरीचा वापरही सर्वपरिचित आहे. मात्र ज्या कल्पात असा प्रतिनिधी घातला असेल त्याच्या वेष्टनावर घटकांच्या यादीत तसे स्पष्ट लिहिलेले असावे. नाव कस्तुरीचे आणि घटक लताकस्तुरीचा असताना मौन पाळणे हे रुग्णाशी प्रामाणिकपणाचे नव्हे, आणि ते खऱ्या कस्तुरीची मागणी जागती ठेवते.

हस्तिदंत : इंद्रलुप्तात हस्तिदंतमषीचा उपयोग सर्वांना ठाऊक आहे. आज भारतात हस्तिदंताचा कोणताही व्यापार वैध नाही. कारागिरांकडील भुकटी किंवा तुकडे ‘जुन्या दागिन्यांचे’ आहेत असे सांगितले जाते. तो युक्तिवाद न्यायालयात टिकणारा नाही.

मृगशृंग : शृंगभस्म हे कास, श्वास आणि पार्श्वशूल यांतील नित्योपयोगी औषध. सांबराचे शिंग दरवर्षी आपोआप गळते, मग ते उचलण्यात गुन्हा काय, असा प्रश्न आपल्यापैकी अनेकांच्या मनात येतो. भारतीय वन अधिनियम १९२७ नुसार वनात सापडलेली किंवा वनातून आणलेली शिंगे व अस्थी हे वनोपज आहे. शिवाय गळालेले शिंग आणि शिकार करून कापलेले शिंग यांचे तुकडे व चूर्ण झाल्यावर फरक सांगणे दुकानदाराच्या आवाक्याबाहेरचे असते. म्हणून उगमाचा लेखी पुरावा नसलेले शिंग न घेणे हाच एकमेव सुरक्षित मार्ग होय.

मयूरपिच्छ : येथे कायद्याने मर्यादित सवलत दिली आहे. मोराच्या शेपटीच्या पिसांचा देशांतर्गत व्यापार प्रतिबंधातून वगळलेला आहे, निर्यात मात्र बंद आहे. ही सवलत गळालेल्या पिसांच्या गृहीतावर उभी आहे. पिसाच्या बुडाशी रक्ताचे किंवा मांसाचे अवशेष दिसल्यास ते उपटलेले समजून नाकारावे.

प्रवाळ : समुद्रातील भित्ती रचणारी पोवळी पहिल्या अनुसूचीत संरक्षित आहेत. किनाऱ्यावरून आणलेले पांढरे, छिद्रयुक्त तुकडे ‘प्रवाळमूळ’ म्हणून विकले जात असतील तर ते घेऊ नयेत.

वनस्पतींचीही तीच कथा आहे. कुष्ठ ही वनस्पती ‘साइट्स’च्या पहिल्या परिशिष्टात आहे आणि १९९१ च्या दुरुस्तीपासून वन्यजीव अधिनियमाखाली संरक्षित आहे. लागवडीतील कुष्ठ मिळू शकते, परंतु त्यास कागदपत्रांची साथ हवी. जटामांसी आणि रक्तचंदन ही ‘साइट्स’च्या दुसऱ्या परिशिष्टात आहेत. निर्यात करणाऱ्या औषधनिर्मात्यांनी याची विशेष दखल घ्यावी.

नामसाधर्म्याचा गैरफायदा

द्रव्यगुणाचा अभ्यास करणाऱ्यास नामसंदिग्धता नवीन नाही. तस्करांनी मात्र तिचा व्यापार केला आहे. ‘हाथाजोडी’ हे याचे ठळक उदाहरण. ही एका दुर्मीळ वनस्पतीची मुळी असून ती घरात ठेवल्यास लक्ष्मी नांदते, अशी जाहिरात केली जात असे. २०१७ मध्ये उघडकीस आलेल्या तपासात असे दिसले की, या नावाने विकली जाणारी वस्तू प्रत्यक्षात घोरपडीच्या नराचे वाळविलेले जननेंद्रिय होते. ज्या विंचू किंवा मार्टिनिया ॲन्युआ या वनस्पतीचे नाव पुढे केले जाते, ती मुळात मेक्सिकोकडील आहे. घोरपड तर पहिल्या अनुसूचीतील प्राणी. म्हणजे ‘वनस्पती’ समजून ती विकत घेणारा भाविक व विकणारा काष्ठौषधीचा दुकानदार, दोघेही नकळत गंभीर अपराधाच्या कक्षेत येत होते.

‘नख’ या द्रव्याचेही असेच आहे. सुगंधी तेलांच्या पाठांतील नख हे सागरी शंखाच्या मुखावरील झाकण होय, तर व्याघ्रनखी हे नाव वाघाटीसारख्या वनस्पतीस लावले जाते. वाघाच्या नखाशी या दोहोंचा संबंध नाही. तरीही ‘शास्त्रात व्याघ्रनख सांगितले आहे’ असे म्हणून गळ्यात घालण्याची नखे खपविली जातात. मांडुळाच्या बाबतीत तर शास्त्राचा लवलेशही नाही. महाराष्ट्रात या निरुपद्रवी सापाची तस्करी वारंवार पकडली जाते, आणि त्यामागे असाध्य रोग बरे होतात व गुप्तधन सापडते या वदंता आहेत. सांड्याचे तेल आणि घोरपडीचे तेल यांची रस्त्यावरील विक्रीही आयुर्वेदाचे नाव घेऊनच होते. कोकणात खवले मांजराची शिकार होते. त्याचे खवले आपल्या नखांसारख्याच केराटिनचे बनलेले असतात. याचा अर्थ असा की, आपल्या शास्त्राच्या प्रतिष्ठेवर गुन्हेगारांनी आपले दुकान थाटले आहे. या अपकीर्तीचे निवारण आपण केले नाही तर दुसरा कोण करणार?

एका खात्याचे हे काम नव्हे

वनरक्षकाचे कार्यक्षेत्र जंगलापुरते असते. मारलेला प्राणी मात्र शिकाऱ्याकडून दलालाकडे, तेथून पार्सल, रेल्वे किंवा बंदरामार्गे व्यापाऱ्याकडे आणि पैसा बँकेमार्गे परत, असा प्रवास करतो. हे ओळखून केंद्र शासनाने २००७ मध्ये वन्यजीव गुन्हे नियंत्रण ब्युरोची स्थापना केली. वन, पोलीस व सीमाशुल्क अशा विविध सेवांतील अधिकारी तेथे एकत्र काम करतात. त्याचे एक प्रादेशिक कार्यालय मुंबईत आहे. चूर्ण वा तेल कोणत्या प्राण्याचे हे ठरविण्यासाठी डेहराडूनची भारतीय वन्यजीव संस्था आणि हैदराबादची पेशीय व रेणवीय जीवशास्त्र संस्था यांच्या प्रयोगशाळा डीएनए तपासणी करतात. वन्यजीव अधिनियमातील काही अपराध मनी लाँडरिंग प्रतिबंधक अधिनियमाच्या अनुसूचीत असल्याने गुन्ह्यातून आलेल्या पैशाचा मागही घेता येतो. आंतरराष्ट्रीय पातळीवर २०१० मध्ये ‘साइट्स’, इंटरपोल, संयुक्त राष्ट्रांचे अमली पदार्थ व गुन्हे कार्यालय, जागतिक बँक व जागतिक सीमाशुल्क संघटना यांनी संयुक्त मंच स्थापिला. २०१६ च्या बकिंगहॅम पॅलेस घोषणेने विमान व जहाज वाहतूक कंपन्या, आणि २०१८ मध्ये बँकाही या कार्यात सामील झाल्या.

या मालिकेत चिकित्सकवर्गाचे स्थान कोणते? चीनचा अनुभव येथे बोधप्रद आहे. त्या देशाने १९९३ मध्ये गेंड्याचे शिंग व वाघाच्या हाडांच्या व्यापारावर बंदी घालून ती द्रव्ये औषधसंहितेतून वगळली. २०१० मध्ये चिनी वैद्यक संस्थांच्या जागतिक महासंघाने आपल्या सदस्यांना वाघाचे अवयव न वापरण्याचे आवाहन केले. २०२० च्या औषधसंहितेतून खवले मांजराचे खवलेही स्वतंत्र द्रव्य म्हणून वगळण्यात आले. तस्करी यामुळे संपली असे नव्हे. परंतु परंपरेच्या नावाने तिचे समर्थन करण्यास मिळणारा आधार खुद्द वैद्यांनीच काढून घेतला, ही गोष्ट लहान नाही. कायदा पुरवठ्यावर आघात करतो, पण मागणीवरचा आघात चिकित्सकाच्या शब्दानेच होतो.

जुन्या साठ्याचा प्रश्न

अनेक वैद्यघराण्यांत आजोबा-पणजोबांच्या काळातील कस्तुरीचा नाफा, हस्तिदंताचे तुकडे किंवा शिंगे डब्यांत जपून ठेवलेली आढळतात. भावनेचा भाग समजण्यासारखा आहे. परंतु अशा साठ्याच्या घोषणेसाठी २००३ च्या नियमांनी दिलेली १८० दिवसांची मुदत केव्हाच सरली आहे. कलम ३९ नुसार शासनाची मालमत्ता ठरणारी अशी वस्तू ताब्यात आल्यास ४८ तासांत नजीकच्या पोलीस ठाण्यास किंवा प्राधिकृत अधिकाऱ्यास कळविणे बंधनकारक आहे. ज्यांच्याकडे मालकीचे प्रमाणपत्र आहे, त्यांना २०२२ च्या दुरुस्तीनुसार ती वस्तू मोबदल्याविना मुख्य वन्यजीव रक्षकांकडे स्वेच्छेने सुपूर्द करता येते. ज्यांच्याकडे प्रमाणपत्र नाही त्यांनी वस्तू विकणे, वाटणे किंवा गुपचूप नष्ट करणे यांपैकी काहीही न करता वकिलाच्या सल्ल्याने वनविभागाशी संपर्क साधावा. हा प्रश्न पुढील पिढीवर ढकलणे म्हणजे वारसा म्हणून मुलांच्या हाती अपराध देणे होय.

व्यवहारात काय करावे

१. प्रत्येक जांगम द्रव्याच्या खरेदीचे बिल, पुरवठादाराचे नाव व द्रव्याची शास्त्रीय ओळख नोंदवहीत ठेवावी. अनुसूची ‘टी’ नुसार कच्च्या मालाच्या नोंदी ठेवावयाच्याच असतात, तेथेच हा रकाना वाढवावा.

२. ‘बिलाशिवाय स्वस्त’ किंवा ‘खास ओळखीतून’ देऊ केलेले द्रव्य नाकारावे.

३. जुन्या पाठात निषिद्ध द्रव्य असल्यास प्रतिनिधी द्रव्य वापरावे आणि वेष्टनावर तसे नमूद करावे.

४. रुग्णाने घोरपडीचे तेल वा तत्सम वस्तू मागितल्यास केवळ ‘नाही’ म्हणून थांबू नये. त्याच्या व्याधीवर जे वैध व गुणकारी औषध आहे ते सुचवावे. निराश रुग्ण रस्त्यावरच्या विक्रेत्याकडे जातो.

५. संशयास्पद विक्रीची माहिती वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर द्यावी. स्वतः सापळा लावण्याचे साहस करू नये.

६. वनाधिकाऱ्यांना द्रव्यांची ओळख पटविण्यात साहाय्य लागते. पाठातील नाव, बाजारातील नाव व मूळ जाती यांचा मेळ घालू शकणारे द्रव्यगुणतज्ज्ञ आपल्याकडेच आहेत. जिल्हा शाखांनी अशा तज्ज्ञांची सूची करून वनविभाग व अन्न व औषध प्रशासनास द्यावी.

समारोप

विमानस्थानातील जनपदोद्ध्वंसनीय अध्यायात आत्रेय मुनी अग्निवेशास सांगतात की, वायू, जल, देश व काल बिघडले म्हणजे औषधीही निर्वीर्य होतात आणि जनपदच्या जनपद रोगग्रस्त होतात. देश बिघडण्याची ती कल्पना आज आपल्यासमोर रिकाम्या होणाऱ्या रानाच्या रूपाने उभी आहे. प्रतिनिधी द्रव्यांची परंपरा निर्माण करणाऱ्या आचार्यांनी द्रव्याच्या अभावी चिकित्सा थांबू दिली नाही आणि द्रव्यासाठी आग्रहही धरला नाही. त्याच विवेकाने आपल्या दुकानातील एकेक बरणी, एकेक डबा पुन्हा उघडून पाहिला पाहिजे. त्यात जे आहे त्याचा उगम आपल्याला सांगता येतो काय, एवढा एक प्रश्न प्रत्येकाने या तिमाहीत स्वतःस विचारावा, ही विनंती.