घरचा चिकन बर्गर : चवीचा, आणि सगळ्यांच्या वाट्याचा

मुलं बर्गर मागतात. नाक्यावर मिळतो त्यात मैद्याचा पाव, पुन्हा पुन्हा तापवलेल्या तेलात तळलेली टिक्की आणि वर मेयोनीज. मेयोनीज म्हणजे बहुतांशी तेलच. अमेरिकेत चरबी कमी म्हणून टर्की पक्ष्याच्या खिम्याचा बर्गर करतात. आपल्याकडे तेच काम साल काढलेलं चिकन करतं.

खिमा कसा घ्यावा? अर्धा किलो बोनलेस चिकन समोर साफ करून घ्या, साल काढायला सांगा. नुसतं छातीचं मांस कोरडं होतं, म्हणून तंगडीचंही थोडं असू द्या. त्यात 100 ग्रॅम कलेजी बारीक करून घाला. कलेजीत लोह मांसापेक्षा कितीतरी जास्त असतं. मात्र गरोदर बाईसाठी कलेजीशिवाय टिक्की करा. कलेजीतलं जास्तीचं ‘अ’ जीवनसत्त्व पोटातल्या बाळाला बरं नाही.

कृती : खिम्यात एक बारीक चिरलेला कांदा, आलं-लसूण-हिरव्या मिरचीचा ठेचा, मूठभर कोथिंबीर, थोडा पुदिना, एक चमचा कांदा-लसूण मसाला आणि भिजवून घट्ट पिळलेले मूठभर पोहे घाला. पोह्यांनी टिक्की फुटत नाही आणि आत ओलावाही राहतो. मीठ लहान अर्धा चमचाच. मसाल्यातही मीठ असतं. मोठ्या माणसाला दिवसभरात सगळं मिळून 5 ग्रॅम, म्हणजे एक लहान चमचा मीठ पुरे. घरात बीपीचं माणूस असेल तर हे विसरू नका.

आठ चपट्या टिक्क्या थापा. तव्यावर दोन चमचे तेल सोडून मध्यम आचेवर, झाकण ठेवून, दोन्ही बाजूंनी पाच-सहा मिनिटं भाजा. मेयोनीजऐवजी दह्यात लसूण-पुदिन्याची चटणी कालवा. पावात टिक्की, कांदा, काकडी, टोमॅटो ठेवा आणि वरून लिंबू पिळा. लिंबामुळे अन्नातलं लोह अंगी लागायला मदत होते. चहा मात्र तासाभराने घ्या, तो लोह अडवतो. शुगर असणाऱ्यांनी पावाऐवजी ज्वारीची अर्धी भाकरी घ्यावी.

खिमा कच्चा राहू देऊ नका. अख्ख्या तुकड्यावर जंतू बहुतेक बाहेरच्या बाजूला असतात. खिमा करताना ते आतपर्यंत मिसळतात. म्हणून टिक्की वरून लाल झाली तरी एक मधोमध फोडून बघा. आत गुलाबी दिसली किंवा पाणी लालसर आलं तर अजून भाजा. फ्रीज नसेल तर खिमा आणल्यापासून दोन तासांत शिजवा, कडक उन्हाळ्यात तासाभरात. कच्च्या चिकनची सुरी, पाट आणि हात साबणाने धुतल्याशिवाय काकडी-कांद्याला लावू नका. उरलेली टिक्की सकाळपर्यंत बाहेर ठेवून डब्यात देऊ नका.

आता वाटणीचं बोलू. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशातल्या 15 ते 49 वयाच्या 57 टक्के स्त्रियांना रक्तक्षय आढळला. त्याची कारणं अनेक आहेत, पण एक आपल्या चुलीजवळच आहे. चिकनच्या रश्शात फोडी कुणाच्या ताटात गेल्या ते दिसत नाही. शेवटी जेवणाऱ्या बाईला रस्सा आणि हाडं उरतात. टिक्की मोजता येते. एका टिक्कीत साधारण 15 ग्रॅम प्रथिनं असतात. चार माणसं असतील तर प्रत्येकी दोन, आईच्याही दोनच, आणि मुलगी-मुलगा सारखेच.

दम लागणं, चक्कर, डोळ्यांच्या पापणीची आतली बाजू फिकी दिसणं अशी लक्षणं असतील तर नुसत्या खाण्यावर राहू नका. सरकारी दवाखान्यात हिमोग्लोबिन तपासा आणि लोहाच्या गोळ्या सांगितल्या तितक्या पूर्ण घ्या. आणि ताई, रविवारी टिक्क्या भाजल्यात की आधी स्वतःच्या दोन बाजूला काढा, मग वाढा.