गिरणेच्या वाळूतले पाणी

नाशिक जिल्ह्यात सह्याद्रीच्या रांगांत उगम पावून कळवण-मालेगावावरून खानदेशात उतरणारी गिरणा १९६९ साली पूर्ण झालेल्या, सुमारे साडेअठरा अब्ज घनफूट उपयुक्त साठ्याच्या धरणाने अडविली गेली, तेव्हापासून पावसाळा सरल्यावर भडगावापाशी तिला येणारे पाणी हे प्रामुख्याने धरणातून सोडलेल्या आवर्तनाचेच होय. पण दोन आवर्तनांच्या मधल्या दिवसांत, पात्र ठणठणीत कोरडे दिसत असतानाही काठच्या विहिरींना पाझर राहतो, तो वाळूच्या कृपेने.

खानदेशचा अखंड काळा पाषाण भेगांपुरतेच पाणी धरतो. वाळूच्या कणाकणांमध्ये मात्र पुष्कळ पोकळी असते. समजा, एक किलोमीटर लांब, शंभर मीटर रुंद आणि तीन मीटर खोल असा वाळूचा भिजलेला थर आहे व त्याच्या पंचमांशाइतकेच पाणी उपसता येते, तरी ते सहा कोटी लिटर भरते. माणशी पंचावन्न लिटरप्रमाणे दहा हजारांच्या वस्तीला साडेतीन महिने पुरावे इतके! शिवाय दोन-अडीच फूट वाळूखाली गेलेल्या पाण्याला वैशाखाचे ऊन फारसे पोहोचत नाही.

पात्रात हाताने झिरा उकरावा, तर पहिले पाणी गढूळ येते. वाटीने ते दोन-चारदा उपसून टाकले की मागून येणारे पाणी नितळ असते. वाळू गाळ अडविते आणि तिच्या कणांवर वाढणारे सूक्ष्म जीव पाण्यातील सेंद्रिय घाण खाऊन टाकतात. १८९२ साली जर्मनीतील हँबुर्ग शहरात, एल्ब नदीचे न गाळलेले पाणी पिऊन, पटकीने आठ हजारांवर माणसे दगावली. लगतचे आल्टोना त्याच नदीचे, तेही हँबुर्गच्या खालच्या अंगाचे, अधिक दूषित पाणी वाळूतून गाळून पीत होते, आणि ते पुष्कळ अंशी बचावले. अर्थात निर्जंतुकीकरणाची आवश्यकता यामुळे टळत नाही.

ही वाळू उपसली की पुन्हा येईल, हा समज धोक्याचा आहे. पुरासोबत वरून लोटत येणारी जाडी वाळू आता धरणाच्या जलाशयातच बसते. खालच्या नाल्या-ओढ्यांतून येते तेवढीच काय ती भर. वाळू खरवडून पात्र खोल गेले, म्हणजे साठवणीची जागाच नाहीशी होते आणि काठच्या विहिरींची पातळीही तिच्यामागोमाग उतरते.

म्हणून महसूल खात्याला आग्रहाची विनंती अशी की, वाळूच्या लिलावाची तजवीज करताना अपेक्षित उत्पन्नाच्या रकमेशेजारी पाणीपुरवठ्याच्या विहिरींची चैत्र-वैशाखातील पातळीही दप्तरी नोंदवावी, आणि ज्या टप्प्यात ती वर्षानुवर्षे उतरत असेल तेथे लिलाव पुकारूच नये.