चूक नेमकी कुठे झाली?

ऑक्टोबर २०२२ मध्ये माझी थोरली बहीण एक कागद घेऊन माझ्याकडे आली. ती निवृत्त शिक्षिका. प्राप्तिकर खात्याच्या बंगळूरच्या प्रक्रिया केंद्राने तिला कळवले होते की, १८,४०० रुपये कर बाकी आहे. नेमकी एवढीच रक्कम तिने जुलैत, विवरणपत्र दाखल करण्याआधी भरली होती. "जाऊ दे रे, पुन्हा भरून टाकते. सरकारशी कुठे भांडायचं?" ती म्हणाली. करसल्लागार म्हणून हे वाक्य मी फार वेळा ऐकले आहे.

अशा सूचनेत दोन रकाने असतात. एकात आपण लिहिलेले आकडे, दुसऱ्यात खात्याने धरलेले. घाबरण्याआधी ते ओळीने ताडून पाहावेत. ताईचे निवृत्तिवेतन, ठेवींचे व्याज, वजावटी, सगळे जुळत होते. फरक होता तो भरलेल्या करात.

मग चलन काढले. २०२१-२२ या वर्षाचे उत्पन्न, म्हणून तिने चलनावर तेच वर्ष निवडले होते. पण चलनावर आकारणी वर्ष मागतात, आणि ते त्यापुढचे, म्हणजे २०२२-२३. पैसे सरकारजमा झाले, पण भलत्या वर्षाच्या खात्यात! (२०२५ च्या नव्या प्राप्तिकर कायद्यात 'आकारणी वर्ष' जाऊन 'करवर्ष' आले, हे उत्तमच झाले.)

आता अर्ज कोणता? विवरणपत्रात आपणच एखादे उत्पन्न विसरलो, तर सुधारित विवरणपत्र द्यायचे. त्या वर्षी त्याची मुदत ३१ डिसेंबर होती. विवरणपत्र बरोबर असून खात्याच्या हिशेबात उघड चूक असेल, तर दुरुस्ती अर्ज. १९६१ च्या कायद्यात त्यासाठी कलम १५४ आहे आणि आदेशाचे आर्थिक वर्ष संपल्यापासून ४ वर्षांची मुदत आहे. बँकेने कापलेला कर चुकीच्या पॅनवर दाखवला असेल, तर मात्र बँकेनेच आपले विवरण दुरुस्त करावे लागते. तिथे आपण कितीही अर्ज केले तरी उपयोग नसतो.

ताईचे प्रकरण यांपैकी कशातच सरळ बसत नव्हते. विवरणपत्र बरोबर होते, आणि खात्याच्या नोंदीत पैसे खरोखरच दिसत नव्हते. थेट दुरुस्ती अर्ज केला असता तर तीच मागणी परत आली असती. म्हणून आधी संकेतस्थळावर 'मागणी मान्य नाही' असे कारणासह नोंदवले. गप्प बसले तर ३० दिवसांनंतर दरमहा १ टक्का व्याज लागू शकते, शिवाय पुढच्या परताव्यातून रक्कम वळती होते. मग आकारणी अधिकाऱ्याला चलनाची प्रत जोडून वर्ष बदलण्याचा लेखी अर्ज दिला. २६-एएस या करपत्रकात रक्कम योग्य वर्षात दिसू लागली, तेव्हाच दुरुस्ती अर्ज केला.

मार्चमध्ये मागणी शून्य झाल्याचा आदेश आला. ताईने त्याची प्रत जुलैच्या चलनाला टाचून ठेवली आहे.