झाडे, चित्रे आणि जमिनीची मालकी : लिव्हरपूलमधील ग्रॅन्बीच्या चार रस्त्यांचे पुनरुज्जीवन

प्रस्तावना

जुन्या रस्त्याचे पुनरुज्जीवन या संकल्पनेचा विचार बहुधा शासनाची योजना किंवा खाजगी विकसकाची गुंतवणूक या दोनच अंगांनी केला जातो. या दोन्ही प्रकारांत रस्त्यावर पिढ्यान्‌पिढ्या राहणारा रहिवासी एक तर लाभार्थी ठरतो, नाहीतर विस्थापित. तो कर्ता क्वचितच असतो. इंग्लंडमधील लिव्हरपूल शहराच्या टॉक्स्टेथ भागातील केर्न्स, बीकन्सफील्ड, जर्मिन आणि ड्यूसी या चार रस्त्यांचा अनुभव या दृष्टीने वेगळा आहे. येथील रहिवाशांनी पाडकामाला रोपे आणि रंग यांच्या साहाय्याने तोंड दिले. तथापि या प्रयत्नाला स्थैर्य लाभले ते जमिनीच्या मालकीचा प्रश्न हाती घेतल्यानंतर. या दोन टप्प्यांचा परस्परसंबंध स्पष्ट करणे हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

ऐतिहासिक पार्श्वभूमी

लिव्हरपूल हे ब्रिटिश साम्राज्याचे प्रमुख बंदर होते. १९३१ च्या सुमारास शहराची लोकसंख्या साडेआठ लाखांच्या घरात होती. २००१ मध्ये ती सुमारे ४ लाख ४० हजारांवर आली. गोदीचा व्यापार ओसरला, कारखाने बंद पडले आणि बेकारी वाढली. ग्रॅन्बी स्ट्रीट ही या भागातील गजबजलेली बाजारपेठ होती. सागरी व्यापारामुळे कॅरिबियन बेटे, पश्चिम आफ्रिका, सोमालिया, येमेन अशा अनेक प्रदेशांतील कुटुंबे या परिसरात स्थायिक झाली होती. ब्रिटनमधील सर्वांत जुन्या कृष्णवर्णीय वस्त्यांपैकी ही एक होय.

बेकारी आणि पोलिसांची वांशिक दडपशाही यांविषयीच्या असंतोषाचा जुलै १९८१ मध्ये टॉक्स्टेथमध्ये उद्रेक झाला. त्यानंतर या भागाकडे ‘समस्याग्रस्त वस्ती’ म्हणूनच पाहिले जाऊ लागले. टप्प्याटप्प्याने घरे ताब्यात घेण्यात आली, रहिवाशांना अन्यत्र हलवण्यात आले आणि आजूबाजूचे अनेक रस्ते जमीनदोस्त झाले. २००२ मध्ये सुरू झालेल्या शासनाच्या ‘गृहनिर्माण बाजार नूतनीकरण’ कार्यक्रमाने उत्तर इंग्लंड व मिडलँड्समधील अशा वस्त्यांत पाडकाम आणि नवे बांधकाम हाच मुख्य उपाय मानला. हा कार्यक्रम २०११ मध्ये बंद झाला.

येथे एक दुष्टचक्र लक्षात घेण्याजोगे आहे. पाडकामाची चर्चा सुरू होताच घरांची दुरुस्ती थांबते. दुरुस्ती थांबली की लोक निघून जातात. रिकाम्या घरांच्या दारे-खिडक्यांना पत्रे ठोकले जातात आणि अखेर तीच रिकामी घरे ‘येथे कोणाला राहायचे नाही’ याचा पुरावा म्हणून पुढे केली जातात. ग्रॅन्बीतील रहिवाशांचा संघर्ष मूलतः या पुराव्याशी होता.

झाडे व चित्रे : हक्काची भाषा

उरलेल्या मोजक्या रहिवाशांनी, त्यांतही मुख्यत्वे स्त्रियांनी, केर्न्स स्ट्रीटवर साफसफाई सुरू केली. कुंड्या, जुनी पिंपे, मिळेल त्या भांड्यांत रोपे लावून ती पदपथांवर मांडण्यात आली. ओसाड भिंतींवर वेली चढवण्यात आल्या. बंद घरांच्या खिडक्यांवरील फळ्यांवर पडदे, फुले अशी चित्रे रंगवण्यात आली. पुढे त्याच रस्त्यावर दरमहा बाजार भरू लागला.

या कृतींना केवळ सुशोभन म्हणता येणार नाही. कुंडीला रोज पाणी घालावे लागते. म्हणजे रोज कोणीतरी तेथे असावे लागते. रंगवलेली खिडकी येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगते की हे घर बंद असले तरी बेवारस नाही. रिकामेपणा हाच पाडकामाचा आधार असल्यामुळे, वस्ती जिवंत असल्याची ही दृश्य साक्ष त्या आधारालाच छेद देणारी होती.

सामुदायिक भूमी न्यास

तथापि कुंड्यांमुळे घरांची मालकी बदलत नव्हती. ही मर्यादा ओळखून २०११ मध्ये रहिवाशांनी ‘ग्रॅन्बी फोर स्ट्रीट्स’ या नावाने सामुदायिक भूमी न्यास स्थापन केला. अशा न्यासांची व्याख्या इंग्लंडच्या २००८ च्या गृहनिर्माण व पुनरुज्जीवन कायद्यात करण्यात आली आहे. न्यास जमीन वा घरे स्थानिक समाजाच्या हितासाठी धारण करतो आणि ती खुल्या बाजारातील सट्ट्यापासून दूर ठेवतो. केर्न्स स्ट्रीटवरील दहा पडीक घरे महापालिकेकडून न्यासाकडे आली. दुरुस्तीनंतर त्यांतील काही भाड्याने देण्यात आली, तर काही विकण्यात आली. विक्रीची किंमत स्थानिक उत्पन्नाशी निगडित ठेवण्यात आली. इतर अनेक घरे गृहनिर्माण संस्थांनी दुरुस्त केली.

या कामात ‘असेंबल’ हा तरुण वास्तुरचनाकारांचा गट सहभागी झाला. त्यांनी घरांच्या दुरुस्तीबरोबरच ‘ग्रॅन्बी वर्कशॉप’ ही कार्यशाळा उभारली. पाडकामातील राडारोड्यापासून शेकोटीच्या चौकटी, हाताने घडवलेल्या फरशा, मातीच्या भाजलेल्या मुठी अशा वस्तू तेथे तयार होऊ लागल्या. डिसेंबर २०१५ मध्ये असेंबलला ब्रिटनमधील दृश्यकलेचे प्रतिष्ठित टर्नर पारितोषिक मिळाले आणि घरदुरुस्ती ही कला कशी, असा वाद समीक्षकांत रंगला. २०१९ मध्ये छत व मजले कोसळलेल्या दोन घरांच्या भिंती तशाच राखून, वर काचेचे छप्पर घालून ‘विंटर गार्डन’ खुले करण्यात आले. एकेकाळी ज्या खोल्यांत कुटुंबे राहत होती तेथे आता झाडे वाढतात आणि शेजारी एकत्र जमतात.

भूदानाचा दूरचा धागा

सामुदायिक भूमी न्यास या संकल्पनेचा एक धागा महाराष्ट्राशी जोडलेला आहे. पवनार आश्रमातून निघालेल्या विनोबा भावे यांच्या पदयात्रेत १८ एप्रिल १९५१ रोजी तेलंगणातील पोचमपल्ली येथे भूदान चळवळीचा आरंभ झाला. तिचे पुढचे पाऊल ग्रामदान, म्हणजे जमिनीची मालकी गावाकडे सोपवणे, हे होते. अमेरिकेत १९६९ मध्ये जॉर्जिया राज्यातील कृष्णवर्णीय शेतकऱ्यांसाठी ‘न्यू कम्युनिटीज’ हा तेथील पहिला सामुदायिक भूमी न्यास मानला जाणारा प्रयोग सुरू झाला. त्याच्या प्रवर्तकांपैकी रॉबर्ट स्वान यांच्या विचारांवर ग्रामदानाचा प्रभाव होता. इस्रायलमधील भाडेपट्ट्याच्या जमिनींचा अभ्यासही त्यामागे होता. भारतात ग्रामदानाची गती पुढे मंदावली; परंतु जमीन ही विक्रीची वस्तू नसून समाजाने सांभाळण्याची ठेव आहे, हा विचार शहरी घरांच्या प्रश्नाला लागू करता येतो, हे या परंपरेतील न्यासांनी दाखवून दिले.

मर्यादा व समारोप

या प्रयोगाच्या मर्यादाही नोंदवल्या पाहिजेत. न्यासाने स्वतः उभी केलेली घरे थोडी आहेत. पाडलेले रस्ते आणि पांगलेली कुटुंबे परत आलेली नाहीत. शिवाय पारितोषिकाने मिळालेल्या प्रसिद्धीमुळे परिसराचे मोल वाढते आणि वाढत्या मोलाचा फटका अल्प उत्पन्नाच्या रहिवाशांनाच बसण्याचा धोका संभवतो. न्यासाच्या घरांना किमतीचे बंधन आहे. शेजारच्या खाजगी घरांना ते नाही.

यावरून असे म्हणता येईल की झाडे आणि कला यांमुळे रस्ता पुन्हा लोकांच्या नजरेत येतो. तो लोकांच्या हाती राहतो की नाही, हे मात्र मालकीच्या स्वरूपावर अवलंबून असते. पहिली गोष्ट घडून दुसरी घडली नाही, तर ज्यांनी कुंड्यांना पाणी घातले त्यांनाच त्या रस्त्यावरून निघून जावे लागते. वारसा-संवर्धनाच्या कोणत्याही योजनेचे मूल्यमापन करताना दर्शनी भागाच्या सौंदर्याबरोबरच, काम पूर्ण झाल्यावर तेथे कोण राहणार आहे, हा प्रश्न विचारला जाणे म्हणूनच आवश्यक ठरते.